सोडायचे वर्ग

४ मार्च

शिक्केबाई,

आशीर्वाद. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर आपण बहीणभाऊ तिसऱ्या वाक्याला भांडतो आणि मुद्दा राहून जातो. शिवाय हे प्रकरण कागदाचं आहे आणि तू लायसन्सच्या ऑफिसात दिवसभर कागदांवर शिक्केच मारत असतेस.

माझं नवीन लायसन्स काल पोस्टाने आलं. पुढच्या बाजूला फोटो माझाच आहे, जरा फरार माणसासारखा दिसतो, पण माझाच. मागच्या बाजूला मात्र दोनच ओळी. मोटारसायकल आणि हलकं वाहन. जड प्रवासी वाहनाची ओळच नाही. कार्ड उजेडात धरून पाहिलं, नखाने खरवडून पाहिलं, शेवटी तुझ्या वहिनीचा चष्मा लावून पाहिलं. नाही म्हणजे नाही. जुन्या कार्डावर तीन होत्या. एकोणतीस वर्षं त्या तिसऱ्या ओळीवर आमचं घर चाललंय. मोटारसायकलच्या ओळीवर मी डेपोपर्यंत जातो आणि हलक्या वाहनाची ओळ नुसतीच आहे, आपल्याकडे कुठे आलीय गाडी. म्हणजे नको त्या दोन ठेवल्या आणि हवी ती खाल्ली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

आज सकाळी डेपो मॅनेजरने कार्ड उलटंसुलटं केलं आणि म्हणाला, ही ओळ परत येईपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही. त्याचंही चूक नाही. मला वेळापत्रकाच्या खिडकीत बसवलंय. माझी सकाळची बस दुसऱ्याने बाहेर काढली आणि मी ते काचेतून बघत बसलो. पहिला गिअर टाकताना त्याने केवढा आवाज केला, सांगता सोय नाही.

निवृत्तीला चार वर्षं राहिलीत. ती मला बसमध्ये काढायची आहेत, खिडकीत नाही. घोळ तुमच्या ऑफिसने घातलाय, निस्तरायचा तूच.

तुझा दादा


११ मार्च

दादा,

वाकून नमस्कार केलाय असं समज, पाठ दुखते म्हणून प्रत्यक्षात मानच हलवली आहे.

आमच्या ऑफिसला शिव्या घालण्याआधी जरा थांबायचं होतंस. तुझी फाइल मागवून घेतली. नूतनीकरणाच्या फॉर्मवर दुसऱ्या पानाला दोन चौकटी असतात. वरची ‘नूतनीकरण करायचे वर्ग’, खालची ‘सोडायचे वर्ग’. तुझ्या फॉर्मवर वरच्या चौकटीत मोटारसायकल आणि हलकं वाहन यांच्यासमोर खूण आहे. खालच्या चौकटीत जड प्रवासी वाहनासमोर खूण आहे. आणि त्याखाली तुझी सही, चांगली शेपटी ओढून केलेली. आम्ही सांगितलं तेच केलं. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी म्हणणार नाही, तू थोरला आहेस. झेरॉक्स सोबत जोडली आहे, हातच्या काकणाला आरसा कशाला.

आता कामाचं ऐक. कार्डावर तारीख सव्वीस फेब्रुवारीची आहे. तिथून पंचेचाळीस दिवसांत, म्हणजे बारा एप्रिलपर्यंत, दुरुस्तीचा अर्ज करता येतो. नंतर आला तर तुला जड वाहनाचं सगळं पहिल्यापासून करावं लागेल. ट्रेनिंग स्कूल, लेखी परीक्षा, मैदानावर खांबांमधून रिव्हर्स. छप्पन्नाव्या वर्षी पोरासोरांच्या रांगेत उभा राहशील.

एक विचारते, त्याचं सरळ उत्तर दे. खूण तूच केलीस ना? तुझी सही असलेल्या फॉर्मवर दुसऱ्या कोणी खूण केली असेल तर तो गुन्हा होतो आणि मला तो वर कळवावाच लागतो. बहीण असले तरी.

तुझी
शिक्केबाई


२२ मार्च

शिक्केबाई,

तुझं पत्र आणि झेरॉक्स मिळून बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, डेपोत गडबड होती.

खूण मीच केली. नाव, पत्ता, जन्मतारीख तुझ्या वहिनीने लिहिली, अक्षर तिचं चांगलं. खुणा माझ्या.

आता हसू नकोस. आमच्या डेपोत ‘गाडी सोडणे’ म्हणजे काय ते तुला माहीत आहे का? पाच दहाची सोड. सहाची सोडली का? पुलावरची आज कोण सोडतंय? एकोणतीस वर्षं मी गाड्या सोडतोय, म्हणजे बाहेर काढतोय, म्हणजे चालवतोय. मी ‘सोडायचे वर्ग’ वाचलं आणि म्हटलं, इथे ड्युटीची गाडी लिहायची असणार. वरच्या चौकटीत घरच्या, खालच्या चौकटीत कामाच्या. म्हणून मोटारसायकल वर आणि बस खाली. आता तुमच्या ऑफिसात सोडणे म्हणजे कायमचं टाकून देणे होतं, हे काय मला स्वप्नात येऊन कोणी सांगणार होतं? खिडकीतल्या पोरांना ही गोष्ट सांगितली तर तिकीटवाला खुर्चीवरून पडायचा राहिला. डेपो मॅनेजरही हसला. तुझी वहिनी तेवढी हसली नाही, ती म्हणाली भाजी करपते आहे.

तर चूक सरळसरळ माझी आहे. दुसऱ्या कोणाचा हात नाही. दुरुस्तीचे कागद पाठव. डॉक्टरांचा दाखला आधीच जोडलेला आहे, दोन मिनिटांत शिक्का मारला त्यांनी, तुझ्याहून वेगात.

दादा


२७ मार्च

दादा,

हसू नकोस म्हणालास म्हणून पत्र पिशवीत घालून घरी नेलं आणि घरी हसले. दुसऱ्या दिवशी ऑफिसातही सांगितलं. आमचे साहेब म्हणाले, फॉर्मवरचा शब्द बदलायला पाहिजे. ते असं दर वर्षी काहीतरी म्हणतात.

माझ्या जिवावरचं ओझं उतरलं, खरं सांगते. अकरा दिवस तुझं उत्तर नव्हतं तेव्हा काय काय मनात आलं होतं.

भावाची फाइल मी हाताळू शकत नाही, म्हणून ती साहेबांच्या टेबलावर दिली आहे. मी फक्त पोस्टमन. सोबत प्रतिज्ञापत्राचा कागद पाठवते आहे. त्यात दोनच वाक्यं आहेत. एक, ‘सोडायचे वर्ग या चौकटीतील खूण मी स्वतः गैरसमजाने केली आहे.’ दोन, ‘वाहन चालवताना मला कधीही भोवळ, अंधारी अथवा शुद्ध हरपण्याचा त्रास झालेला नाही.’ दुसरं वाक्य जड वाहनासाठी सगळ्यांनाच असतं, घाबरू नकोस. वकिलासमोर सही कर, त्याचा शिक्का घे आणि दहा तारखेच्या आत माझ्या हातात पडेल असं पाठव. मग तुझी ओळ तुला परत मिळते.

वहिनींना सांग, पुढच्या वेळी खुणासुद्धा त्यांनीच करायच्या.

तुझी
शिक्केबाई


३१ मार्च

वन्सं,

नमस्कार. हे पत्र एकटीने वाचा.

तुम्ही गमतीने लिहिलंत की पुढच्या वेळी खुणा वहिनींनी करायच्या. यांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. माझ्या हातातलं ताट खाली ठेवावं लागलं. वन्सं, खूण मीच केली आहे.

नोव्हेंबरमधली गोष्ट. हे दुपारी घरी आले आणि बूट न काढता स्वयंपाकघरात स्टुलावर बसले. सिग्नलला बस उभी असताना डोळ्यांसमोर अंधारी आली. मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकू आले तेव्हा यांना कळलं की दिवा हिरवा होऊन गेलाय. तेव्हा बस उभी होती. जानेवारीत पुन्हा झालं, तेव्हा चालती होती, पुलाच्या उतारावर. कंडक्टर ओरडला, यांनी ब्रेक दाबला, कठडा हातभर राहिला होता. कंडक्टरला म्हणाले, झोप झाली नाही. मला म्हणाले, कोणाला बोललीस तर माझी शपथ आहे. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणे निवृत्तीनंतर जाऊ. दाखल्याच्या वेळी डॉक्टरांनी अक्षरं वाचायला लावली, दंडाला पट्टा बांधला आणि शिक्का मारला. त्यांनी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही.

मी शिवणकामाच्या कारखान्यात रस्त्याकडच्या खिडकीशी बसते. यांची बस सव्वानऊला समोरून जायची. जानेवारीपासून सव्वानऊ वाजले की माझं मशिन थांबायचं. बस गेली की पुन्हा सुरू. बाजूच्या बायका विचारायच्या, रोज याच वेळी दोरा कसा तुटतो तुमचा.

फॉर्मवर सही करून हे आंघोळीला गेले. मी पत्ता लिहीत होते. खालची चौकट दिसली. दोन मिनिटांचं काम होतं. मोटारसायकल आणि हलकं वाहन मुद्दाम ठेवलं. तिन्ही सोडले असते तर यांना वाटलं असतं, आपलं काहीच उरलं नाही.

आता हे स्वतःचीच चूक समजून बसलेत. ती सोडायच्या गाडीची गोष्ट सगळ्या डेपोला हसून हसून सांगतात आणि मी ऐकते. वन्सं, मला फार लाज वाटते. पण सव्वानऊला आता माझं मशिन थांबत नाही, हेही खरं आहे.

एक मागते. ते प्रतिज्ञापत्र आलं की कुठेतरी मागे पडू द्या. बारा तारीख उलटू द्या. यांना कळू देऊ नका. कळलं तर माझ्याशी बोलणं टाकतील, आणि त्यांचं चुकलं असंही मला म्हणता येणार नाही.

तुमची
वहिनी


३ एप्रिल

वहिनी,

तुमचं पत्र वाचलं आणि दोन फॉर्मांवर शिक्का उलटा पडला. एकवीस वर्षांत असं झालं नव्हतं.

आधी रागावून घेते. फॉर्मवर खूण करण्याऐवजी मला दोन ओळी लिहायच्या होत्यात. माझा सख्खा भाऊ आहे तो. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत त्याच्या बसमध्ये रोज किती माणसं चढली असतील याचा हिशोब मी करायला गेले आणि सोडून दिला.

राग संपला. आता सांगते, तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं मला माहीत नाही. कदाचित हेच.

पण कागद मागे पाडणार नाही. आजवर एकही पाडलेला नाही, ओळखीच्या माणसाचाही नाही. आणि दुसरं, हे तुमच्या लक्षात आलंय का बघा. तुम्ही जड वाहन सोडलंत आणि दुसऱ्या दोन ओळी ठेवल्यात. अंधारी काय गाडीचं वजन बघून येते? तो रोज मोटारसायकलवर डेपोत जातोच आहे. तुम्ही बस वाचवलीत, बसमधली माणसं वाचवलीत. त्याला नाही वाचवलंत.

तुम्हीच त्याला सांगा. दहा तारखेपर्यंत मी वाट बघते. नाहीतर मला साहेबांना सांगावं लागेल आणि मग त्याला ते सरकारी पाकिटातून कळेल. ते मला नको आहे. माझी अवस्था इकडे आड तिकडे विहीर अशी झाली आहे, तरी तुमच्यावर माझी माया कमी झालेली नाही, एवढं लक्षात ठेवा.

तुमची
वन्सं


७ एप्रिल

शिक्केबाई,

प्रतिज्ञापत्र परत पाठवतोय. त्यावर तू मागितलेली सही नाही. का नाही ते नीट वाच आणि मध्येच फोन करू नकोस.

परवा वकिलाकडे गेलो. त्याच्या टायपिस्टने दोन्ही वाक्यं मोठ्याने वाचली. पहिलं वाक्य सोपं होतं. त्याची तयारी मी बरेच दिवस केली होती. दुसरं वाक्य आलं आणि पेन हातातच राहिलं. मला अंधारी आलेली आहे. दोनदा. एकदा सिग्नलला, एकदा पुलावर. तुझ्या वहिनीखेरीज कोणाला माहीत नव्हतं.

पुलावरचं एक तिलाही सांगितलेलं नाही. माझ्या मागच्या सीटवर एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन बसली होती. मी ब्रेक दाबला तेव्हा बाळाचं डोकं दांड्याला लागलं. फार नाही, पण लागलं. ते रडायला लागलं. आणि ती बाई पुढे वाकून मला म्हणाली, “माफ करा हं काका, रडून त्रास देतोय.” माझी माफी मागितली तिने. मी म्हटलं, असू दे. तेवढंच म्हटलं. वकिलाच्या टेबलाशी मला तीच ऐकू यायला लागली. मनात म्हटलं, कसली सही करतोस.

आता पहिल्या वाक्याचं. तेही खोटं होतं. खूण माझी नाही, तुझ्या वहिनीची आहे. तुझी झेरॉक्स उघडली तेव्हाच ओळखली. ती डावखुरी, तिच्या बरोबरच्या खुणेची शेपटी डावीकडे जाते. वाण्याच्या यादीवर तेवीस वर्षं बघतोय मी ती शेपटी. दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिने विचारलं तर दाढ दुखते म्हटलं. फार राग आला होता. माझ्या पोटावर पाय दिला असं वाटलं. मग तू गुन्ह्याचं लिहिलं होतंस ते आठवलं आणि राग बाजूला ठेवून ती ‘सोडायचे’ची गोष्ट रचली. रचायला बरेच दिवस लागले. चांगली जमली होती, तू पण फसलीस.

राग आता नाही. ती बरोबर होती. मला जे डॉक्टरसमोर बोलायला जमलं नाही ते तिने एका रेघेत केलं. तिला मात्र सांगू नकोस की मला ठाऊक आहे. मी माझीच चूक समजतोय असं तिला वाटू दे. तिच्यावर ओझं नको.

कागदाच्या कोऱ्या बाजूला माझ्या अक्षरात लिहिलंय ते बघ. ‘माझ्या अर्जात लिहिलेलं बरोबर आहे. जड प्रवासी वाहन हा वर्ग मी राजीखुशीने सोडत आहे.’ खाली सही आहे, ती माझी. राजीखुशीने हा शब्द लिहायला वेळ लागला. खरं सांगू, राजीही नाही आणि खुशीही नाही. एकोणतीस वर्षांचं काम आहे. पण सोडतोय.

डेपो मॅनेजरला काल जाऊन सांगितलं, खिडकीतच राहतो. कारणही सांगितलं. शुक्रवारी डॉक्टरकडे जातोय, साखर तपासणार आहेत. तुझ्या वहिनीला म्हटलं, दाढ दाखवायला जातो.

दादा


११ एप्रिल

दादा आणि वहिनी,

पाकिटावर दोघांचं नाव लिहिलं आहे. एकानेच फोडलं असेल तर तिथेच थांबा आणि दुसऱ्याला हाक मारा.

आधी ऑफिसचं. दादाचा कागद साहेबांकडे गेला. मी त्यांना सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्यांनी कोरी बाजू दोनदा वाचली आणि म्हणाले, ज्याचा वर्ग त्याने आता स्वतःच्या अक्षरात सोडलाय, आपण आणखी काय शोधायचं. फाइलवर ‘अर्ज बरोबर’ असा शेरा मारून ती बंद केली. उद्या बारा तारीख आहे, ती उद्या निघून जाईल. उरलेल्या दोन ओळी तुझ्याच आहेत, पण डॉक्टर लेखी देत नाहीत तोवर मोटारसायकलची किल्ली वहिनींकडे द्यायची. हा बहिणीचा हुकूम आहे, ऑफिसचा नाही, म्हणून त्यावर अपील चालत नाही.

आता दुसरं. गेले दोन आठवडे तुमच्यातला एक जण मला लिहितोय की त्यांना कळू देऊ नका, आणि दुसरा लिहितोय की तिला सांगू नकोस. दोघं एका ओट्याशी चहा पिता आणि एकमेकांचं मन राखायला पत्रं मला पाठवता. मी दिवसभर खिडकीत बसते, पण तुम्हा दोघांच्या मधली खिडकी मला व्हायचं नाही. तुम्ही दोघांनी विश्वास टाकला होता आणि मी तो मोडते आहे. रागवायचं असेल तर दोघं मिळून रागवा, मला चालेल.

सोबत दोन पत्रं आहेत. एकतीस मार्चचं वहिनींचं, ते दादाने वाचायचं. सात एप्रिलचं दादाचं, ते वहिनींनी वाचायचं. मी त्यातली एक ओळही खोडलेली नाही.

उत्तर मला पाठवू नका. समोरासमोर बसला आहात, तिथेच द्या.

तुमची
शिक्केबाई